चंद्रावरचं आखात आणि अक्काची एकादशी

ये गं, अशी पुढ्यात बस. बाजूला नको, बाजूचं मला आता दिसत नाही, ते पुढं सांगतेच. पण आधी मला हे सांग, एवढी मोठी दुर्बिणीची पांढरी नळी मावशीच्या माळ्यावर ठेवून जायची आणि मग वर्षानुवर्षं तिकडं फिरकायचंसुद्धा नाही, ही कुठली रीत? फोन केला की म्हणतीस, "पुढच्या महिन्यात नक्की येते." तुझे पुढचे महिने किती झाले, मी मोजायचं सोडून दिलं. हैदराबादहून सकाळच्या बसला बसलीस तर दुपारच्या भाकरीला भालकीत असशील. लांब का आहे ते? बरं, रागावत नाही. पण फोनवर हे सगळं सांगता येत नाही. तुला तिकडून कुणीतरी हाक मारतं आणि माझं बोलणं अर्ध्यावर लोंबकळत राहतं. म्हणून लिहायलेय. वाचताना माझ्यासमोर बसलीस असं समज आणि मधेच उठू नको.

झालं असं की मागच्या दिवाळीपासून मला घराची दारं लागायला लागली. पन्नास वर्षं ज्या घरात वावरले त्याच घरात खांदा चौकटीला लागायचा, पाय बादलीला. ताटलीतली चटणी दिसायची, शेजारचा पाण्याचा तांब्या दिसायचा नाही, हात लागला की सांडायचा. अक्काला वाटायचं मी धांदरट झालेय. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला अक्काच म्हणते. आता दोघींचेही मालक गेले, पोरं पुण्याला आणि लातूरला, एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघीच. त्यामुळे मी काही सांडलं की ऐकायलाही मीच आणि बोलायलाही तीच. तिसऱ्यांदा तांब्या सांडला तेव्हा ती म्हणाली, "वरात चाललीय का तुझी? कामून अशी झोकांड्या खायलीस?"

शेवटी बीदरला डोळ्याच्या दवाखान्यात गेले. तिथं एका पांढऱ्या खोलगट भांड्यासारख्या मशीनपुढं हनुवटी टेकून बसवलं. समोरच्या ठिपक्याकडंच बघायचं, आजूबाजूला उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बटण हातात धरून बसले. एक ठिपका दिसला, दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं, म्हणून डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "अहो, तुमच्या मशीनची लाइट गेली वाटतं." त्या हसल्या नाहीत. काचबिंदू आहे म्हणाल्या. कडेची नजर आधी जाते, मधली राहते, नळीतून बघितल्यासारखं दिसायला लागतं. गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकून उरलेली राखायची. मी विचारलं, किती दिवस राहील? ते सांगता येत नाही म्हणाल्या. औषध चुकवू नका आणि तपासायला येत राहा.

परत येताना बसच्या खिडकीशी बसले. तुला ठाऊक आहे, माझं माहेर बीदरच्या पठारावरचं. तांबडी माती, तांबडा दगड, घरंही तांबड्या दगडाची. पठार उतरून भालकीकडं वळलं की माती काळी होते. लहानपणापासून मी ते बघत आले, पण त्या दिवशी मी खिडकीतून एवढी टक लावून बघत होते की शेजारच्या बाईनं विचारलं, काही हरवलंय का? मी नाही म्हणाले. मनात मात्र एकच शब्द घोळत होता, नळी. नळीतून बघितल्यासारखं. आणि घरी माळ्यावर तुझी नळी पडलेली.

मला काय वाटलं सांगू? दुर्बिणीला डोळा लावला की सगळ्यांनाच नळीतून बघावं लागतं. तिथं चौकट लागत नाही, बादली नाही. तिथं मी आणि तू सारख्याच. घरी आल्यावर चहासुद्धा घेतला नाही, गड्याला बोलावून नळी खाली काढायला लावली. अक्का बघतच राहिली. डोळ्याचं दुखणं घेऊन आलेली बाई पहिल्यांदा माळ्यावर काय शोधते, तिला कळेना.

नळी जोडायला मला आठवडा लागला. तू सांगून गेली होतीस त्यातलं निम्मं विसरले होते. गच्चीवर लावली तर चंद्र उकळायला लागला. खरंच, पातेल्यातल्या पाण्यागत हलायचा. मग कळलं, दिवसभर तापलेली गच्ची संध्याकाळी ऊब सोडते, ती ऊब मधे येते. म्हणून गोठ्यापुढच्या मातीवर तिपाई मांडली. दुसरं, चंद्र पळतो. डोळा लावून जरा सुखानं बघावं तर कडेनं निसटून जातो, की पुन्हा नळी सरकवायची. म्हणजे तो नाही, आपली पृथ्वी फिरते, ठाऊक आहे मला. पण नळीत बघताना तोच पळतो, आणि मी त्याच्यामागं. आणि तिसरं, सगळं उलटं. डोळ्यांनी वर डावीकडं दिसतं ते नळीत खाली उजवीकडं. अक्का म्हणाली, चला, तुझ्या कामाच्या पद्धतीला शोभतंय.

त्या खाली उजवीकडच्या कोपऱ्यातच मला ते सापडलं. आखात. चंद्रावर काळे डाग दिसतात ना, त्यातला एक मोठा डाग म्हणजे पावसाचा समुद्र. नाव तेवढं पावसाचं, आत थेंबभर पाणी नाही. आणि त्या समुद्राच्या काठाला चावा घेतल्यासारखी अर्धी गोल जागा आहे, तिला म्हणतात इंद्रधनुष्यांचं आखात. पाऊस नाही आणि इंद्रधनुष्यं मात्र अनेक, नाव ठेवणारा आपल्या भागातलाच असेल. मी तालुक्याच्या वाचनालयातून चंद्रावरचं पुस्तक आणलं, भिंग लावून वाचलं, राहिलेलं फोनवर हिंदीत ऐकलं. शाळा माझी सातवीत सुटली, पण वाचायचं कुठं सुटलंय.

त्या आखाताची गोष्ट अशी. फार फार पूर्वी एक मोठा दगड येऊन आदळला आणि वाडग्यासारखा खड्डा पडला. केवढा? भालकीहून निघून सोलापूर गाठलं तरी अजून बरंच जायचं राहील एवढा. त्याच्या काठावर गोल डोंगर उभे राहिले. मग कितीतरी काळानं शेजारच्या समुद्रात जमिनीखालून लाव्हारस वर आला. तो वाढत वाढत या वाडग्यात शिरला. एका बाजूचा काठ खचलेला होता, तो पार बुडाला. दुसऱ्या बाजूचे डोंगर उरले. म्हणून वाडगं दिसत नाही, अर्धं दिसतं, म्हणून आखात. उरलेल्या काठाच्या दोन टोकांना दोन भुशिरं, जमीन समुद्रात नाक खुपसते तशी. आणि तळ कसा, गुळगुळीत. नुसत्या थोड्या सुरकुत्या.

त्या सुरकुत्या बघितल्या आणि मी उठून उभीच राहिले. ते मी बघितलेलं होतं. आपल्या गुऱ्हाळात. रस आटला की कढई उचलून हौदात ओततात. तापलेला गूळ हौदभर पसरतो, कोपऱ्यात शिरतो, मधे एखादं पळीचं टोक राहिलं तर त्याला वळसा घालतो. आणि वरून थंड व्हायला लागला की साय धरते आणि तिला अशाच सुरकुत्या पडतात, आतला अजून हलत असतो म्हणून. मी अक्काला हाक मारून सांगितलं, चंद्रावर गूळ ओतलाय बघ. ती म्हणाली, "मग भेली आल्यावर सांग."

दगडाचंही तसंच. लग्नानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात आपल्या मळ्यात विहीर खोदली, मी खोदणाऱ्यांना भाकरी घेऊन जायची आणि वरून वाकून बघायची. आधी काळी माती, मग मुरूम, मग ठिसूळ दगड, त्यात भोकं आणि भोकांत दह्याच्या कवडीसारखे पांढरे खडे. त्याच्याखाली एक तांबडा पट्टा. मामंजी म्हणायचे, पट्टा लागला, आता पाणी जवळ. त्याच्याखाली काळा कठीण पाषाण, त्यावर पहार टणकन वाजायची. तेव्हा मला काय ठाऊक, तो एकेक थर म्हणजे लाव्हारसाचा एकेक पूर होता. एक पूर थंड झाला, त्यावर पाऊसपाणी होऊन माती झाली, तांबडी. मग दुसरा पूर आला आणि तिला भाजून झाकून गेला. माझ्या माहेरचा तांबडा दगडही मुळात तोच काळा, पावसानं लाखो वर्षं भिजून कुजून तांबडा झालेला. म्हणजे माहेर-सासर एकच निघालं, नुसतं भिजण्याचा फरक. चंद्रावरचा लाव्हारसही याच जातीचा, आपल्याहून कितीतरी जुना. पण तिथं पाऊस नाही, म्हणून तो तांबडा झालाच नाही. ओतला तसाच राहिला. हे वाचल्यावर मी चंद्राला परका समजायचं सोडून दिलं. तो आपल्या विहिरीच्या तळाशी आहे तोच दगड आहे.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी लिहायला बसले. पुस्तकात होतं की महिन्यातून एकदा, चांदण्या पंधरवड्यात, दशमी-एकादशीच्या सुमाराला त्या आखातावर सूर्य उगवतो. चंद्रावरचा सूर्योदय काय घाईचा नसतो, दमानं सायकल मारावी त्या वेगानं उजेड पुढं सरकतो. डोंगर उंच, म्हणून त्यांच्या माथ्यावर ऊन आधी पडतं. आखाताचा तळ अजून अंधारात असतो. तेव्हा चंद्राच्या उजेडाच्या कडेबाहेर, पार काळ्यात, उजेडाची एक वाकडी कडी अधांतरी लटकलेली दिसते. सोन्याची कडी. बिदरी सुरईवर काळ्यात चांदीची तार बसवतात तशी. थोडे तास दिसते. मग तळावरही ऊन उतरतं आणि ती सगळ्या उजेडात विरून जाते.

मला ती कडी एकदा बघायची होती, माझ्या डोळ्यांनी, डोळ्यांत उजेड आहे तोवर. बाकी कसली हौस नाही राहिली. पण ही एक अशी मनात बसली की सकाळी थेंब टाकताना तीच, रात्री थेंब टाकताना तीच. थेंब डोळ्यात गेला की थोडा वेळ सगळं पुसट होतं आणि तेवढ्यात मनात यायचं, आज पुसट झालं ते पुन्हा स्वच्छ होईल ना?

पहिल्यांदा माघात ठरवलं. एकादशी म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार, उपवासाची एकादशी. शेजारच्या तिघींना बोलावलं, तशाही उपवासाला सगळ्या, संध्याकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन आल्या. मी नळी लावली, डोळा लावला आणि काय, आखात उजेडानं काठोकाठ भरलेलं. कडीचा पत्ता नाही. एकेकीनं बघितलं. एका भुशिराशी उन्हानं सावल्या अशा पडल्या होत्या की तिथं बाईचं तोंड दिसायचं, मागं केस पसरलेले. पुस्तकातही तिचा उल्लेख आहे. शेजारीण डोळा लावून बराच वेळ बघून म्हणाली, "एकादशीच्या दिवशी केस मोकळे सोडून बसलीय. सासू न्हाई वाटतं हिला." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्या गेल्यावर मला नळी आवरवेना. पुन्हा पुन्हा बघत राहिले, कडी येईल म्हणून. अक्का दारातून म्हणाली, सोन्याची होती ना, कुणीतरी उचलून नेली असेल.

फाल्गुनात मी दोन दिवस बसले. दशमीच्या संध्याकाळी बघितलं तर आखात सगळं अंधारात, डोंगरही. एकादशीच्या संध्याकाळी बघितलं तर सगळं उजेडात. म्हणजे मधल्या दिवसात, भर उन्हात, आपल्याकडचा चंद्र मावळलेला असताना कडी येऊन गेली. मी रात्रभर कुशी बदलत होते. सकाळी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं, भिंग घेतलं आणि तिथीच्या खालची बारीक अक्षरं वाचत बसले. ती आपण कधी वाचतो का? आपण ठळक अक्षरातली एकादशी बघतो आणि साबुदाणा भिजत घालतो. बारीक अक्षरात असतं की दशमी कितीला संपली. माघात दशमी आदल्या दिवशी संध्याकाळीच संपली होती. तेव्हाच एकादशी लागली, तेव्हाच कडी लागली. पण आपली एकादशी सूर्य उगवताना जी तिथी असेल ती, म्हणून उपवास दुसऱ्या दिवशी. चंद्राला कुठला उपवास? तो आपला दशमी-एकादशीच्या सांध्यावर कडी घालून मोकळा झाला आणि आम्ही चार बाया दुसऱ्या दिवशी भगर खाऊन त्याच्या दारात.

आणखी एक कळलं. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. त्या अर्ध्या दिवसानं माझी झोप घालवली. एका महिन्यात सांधा संध्याकाळी आला तर पुढच्या महिन्यात तो सकाळकडं सरकतो, आपल्याला दिसतच नाही. म्हणजे एक महिना आड. त्यातून पावसाळ्याचे ढग वजा कर. तुला वाटेल मावशीनं गणित करायला सुरुवात केली. केली. कारण मध्येच बीदरला तपासणी झाली, त्या भांड्यात पुन्हा हनुवटी टेकली, आणि या वेळी मी मशीनला काही म्हणाले नाही. डॉक्टरीणबाईंनी एक थेंब वाढवला. नळी आणखी बारीक झाली होती.

चैत्रात सांधा बरोब्बर संध्याकाळचा होता. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. पण अक्काची दशमी तुला माहीत नाही. अक्का एकादशी फार कडक धरते, आणि कडक एकादशीची सुरुवात दशमीच्या संध्याकाळी होते. दिवे लागायच्या आत एकदाच जेवायचं. मग स्वयंपाकघर पार धुऊन काढायचं. पिठाचे डबे, परात, तवा, उलथनं, तांदळाची पातेली, जे जे धान्याला शिवलं ते घासून, पालथं घालून वरच्या फळीवर. फरशी पुसायची, कोपऱ्यातला दाणा न दाणा वेचायचा. सकाळी धान्याचा कण पायाला लागता कामा नये. आणि हे दोघींनी करायचं, कारण तिचे गुडघे वाकत नाहीत आणि माझे हात फळीपर्यंत जात नाहीत. बघ, म्हणजे ज्या वेळेला कडी दिसते त्याच वेळेला आमच्या घरातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या परात घासत बसल्या आहेत.

चैत्रातल्या त्या दशमीला मी घासत होते आणि खिडकीतून चंद्राचा उजेड अंगणात उतरायलेला दिसत होता. मी दोनदा म्हणाले, अक्का, जरा जाऊन येते. ती म्हणाली, आधी हे संपव. तांदळाचं एक पातेलं माझ्या बाजूला राहिलं ते मला दिसलंच नाही. अक्कानं दाखवलं, मी पुन्हा बसले. शेवटी पदराला हात पुसत बाहेर धावले तर अवकाळीचा ढग पसरलेला. मी अंधारात तिपाई धरून बसले, ढग सरकेना. आत आले तेव्हा अक्काशी बोलले नाही. उपवास सुटल्यावरही दोन दिवस आम्ही भाजीत मीठ आहे का एवढंच विचारत होतो.

वैशाखात नव्हतीच, दिवसाची होती. मग उरला ज्येष्ठ. पाऊस लागायच्या आधीचा शेवटचा. आणि ज्येष्ठातली एकादशी म्हणजे निर्जळा, पाण्याचा घोटसुद्धा नाही, अक्काच्या वर्षातली सगळ्यात मोठी. आदल्या संध्याकाळची साफसफाईही सगळ्यात मोठी. त्या दिवशी दुपारपासून पश्चिमेला ढग चढायला लागले. उकाडा असा की जीव कासावीस. मी सारखी अंगणात जाऊन आभाळ बघायची, आत येऊन घड्याळ बघायची. अर्ध्या भाकरीवरून उठले. दिवे लागायच्या आत अक्कानं परात पुढं ओढली आणि मला राख-चोथा दिला. मी घ्यायला हात पुढं केला आणि शेजारी ठेवलेली पाण्याची घागर मला दिसली नाही. लवंडली. सगळ्या स्वयंपाकघरात पाणी, आणि त्या पाण्यावर कोपऱ्यातले ज्वारीचे दाणे तरंगायला लागले.

मला रडू आलं. मी तशीच पाण्यात बसले आणि म्हणाले, "अक्का, तुझा उपवास तुला लखलाभ, पण माझ्याकडं आता पुष्कळ दशम्या न्हाईत."

अक्का दाणे वेचायला खाली वाकली, गुडघे दुखत होते तरी वाकली. मग खालीच बघत म्हणाली, "अन् ही निर्जळा मी कुणासाठी धरायलेय, वाटतंय तुला?"

मला कळेना. ती म्हणाली, "पहिल्या तपासणीला तू बीदरहून आलीस अन् माळ्यावरची नळी शोधायलीस, तवापासनं दर एकादशी तुझ्या डोळ्याच्या नावानं हाय. न्हाई सांगितलं. सांगून काय करायचंय." थोडा वेळ दाणे वेचत राहिली. मग चोथा माझ्या हातातून काढून घेतला. "ऊठ. डोळ्यासाठी धरलेला उपवास अन् डोळ्यालाच अडवून बसलेय मी. जा तू. दाणे मी बघते."

मी गेले. साडी खालून भिजलेली, हात राखेचे. ढग निम्म्या आभाळात आलेले, पण चंद्र अजून मोकळा. नळी आधीच मांडून ठेवली होती. डोळा लावला, चंद्र सापडेना. सापडला. कडेवरून खाली उजवीकडं सरकले. उजेड संपला, काळं लागलं, आणि त्या काळ्यात होती.

होती गं. सोन्याची नव्हती, खरं सांगायचं तर. फिकट, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाची. पण कशालाही न टेकलेली. डोंगराचे एकेक माथे वेगळे दिसायचे, मण्यांसारखे, मधेमधे बारीक अंधार. त्यांच्या पायाशी आखात काळं कुळकुळीत, आपल्या विहिरीत वाकून बघावं तसं. आणि मला माहीत होतं की त्या काळ्यात तो गुळगुळीत तळ आहे, सुरकुत्या आहेत, बुडालेला काठ आहे. दिसत काही नव्हतं, पण मला सगळं माहीत होतं.

मग मी अक्काला हाक मारली. ती यायची नाही असं वाटलं होतं, पण आली, पदर खोचलेली, ओल्या हातांनी. तिला कधी या नळीत बघायचं नव्हतं. आज तिनं विचारलं नाही, सरळ वाकली. मग म्हणाली, "पाटली वाटते. अर्धी तुटलेली. दोन्ही टोकं कशी टोकदार हायेत."

मी विचारलं, "दोन्ही टोकं एकदमच दिसतेत तुला?"

"दिसतेत की. ह्या बाजूचं अन् त्या बाजूचं. तुला न्हाई का?"

मला दिसली नव्हती. मी मधला भाग बघितला होता. टोक बघायचं तर डोळा सरकवावा लागत होता, आणि एका टोकाला गेले की दुसरं नाहीसं व्हायचं. मला वाटलं होतं कडीच तेवढी आहे आणि नळी सरकतेय. नळी सरकत नव्हती. बघ, मी काय समजून बसले होते, या नळीत आपण सगळ्या सारख्या. नाही. माझी नळी तुझ्या नळीच्या आत आहे, तिच्याहून बारीक.

अक्काला कळलं. इतक्या वर्षांनी जावेला काय कळत नाही. तिनं मला पुन्हा डोळा लावायला सांगितलं आणि स्वतः शेजारी उभी राहून नुसत्या डोळ्यांनी चंद्राकडं बघत सांगत राहिली, मगाशी बघितलेलं. या टोकाला मोठा मणी हाय, मग बारीक बारीक, मधे जरा वाकडं, मग शेवटी एक एकटाच. मी तिच्या बोलण्यामागून डोळा फिरवत गेले. चंद्र पळत होता, मी नळी सरकवत होते, ती बोलत होती. अशी कडी मी पुरी बघितली, तुकड्या-तुकड्यानं, अर्धी माझ्या डोळ्यानं आणि अर्धी तिच्या तोंडानं. मग ढग आला. मोठे मोठे थेंब पडायला लागले, आम्ही दोघींनी नळी गोठ्यात ओढली, तिपाईचा एक पाय माझ्या पायावर आपटला. आत येऊन उरलेले दाणे दिव्याच्या उजेडात वेचले. दुसऱ्या दिवशी अक्कानं पाणी प्यायलं नाही, आणि मी तिच्यासमोर प्यायले नाही.

आता पाऊस लागलाय. गोठ्यात नळीवर पोतं टाकून ठेवलंय आणि मी घरात या खिडकीतून त्या खिडकीत फिरते. आषाढातली दिवसाची आहे. श्रावणातली रात्रीची, पण आभाळ उघडलं तर. मग आश्विन. आश्विनातली शुद्ध दशमी म्हणजे दसराच की गं, मला हे कालपरवा उमगलं. सगळं गाव सोनं वाटत हिंडेल आणि वर ती लटकलेली असेल. बारीक अक्षरं तुझ्या फोनवर एकदा तपासून घे, मी भिंगानं वाचलंय, चूकभूल होऊ शकते. पुढची तपासणी दसऱ्याच्या आधी आहे. काय निघेल ते निघेल. थेंब चुकवत नाही.

पण मला यंदा टोकांची धास्ती आहे. अक्काला मधला भाग नीट सांगता येत नाही, ती सगळ्याला मणीच म्हणते. तू पुस्तकं वाचलेली, तू सांगशील कुठला माथा कुठं, कुठल्या भुशिराशी ती केस सोडलेली बाई बसते. मी मधलं बघेन, तू दोन्ही टोकं एकदम बघून सांग. आणि हे बघ, दसरा तिकडं करून एकादशीला उगवू नको, एक दिवस उशिरा यायची तुला सवय आहे. दशमीच्या दुपारीच घरात पाहिजेस, परात घासायला तिसरी बाई आली तर आम्ही दिवे लागायच्या आत मोकळ्या होऊ. त्याच्या आधी जमलं तर आधी ये, श्रावणात आभाळ कधी उघडेल सांगता येत नाही. लवकर ये गं. दाराशी आलीस की नुसती उभी राहू नको, हाक मार आणि अगदी पुढ्यात ये.